गावच्या देवळाला सिमेंट लावण्यापूर्वी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थ २०२७ चा. त्या तयारीत नाशिक जिल्ह्यातले रस्ते रुंद होत आहेत आणि रस्ता रुंद झाला की कडेच्या गावालाही आपले देऊळ नवे करावेसे वाटू लागते. वर्गणी जमते, कुठून तरी सभामंडपाला निधी मिळतो, सिमेंटच्या गोण्या आणि टाइल्सची खोकी पारावर येऊन पडतात. सिन्नरचे गोंदेश्वर, झोडग्याचे माणकेश्वर, अंजनेरीच्या पायथ्याची यादवकालीन देवळे यांच्यापाशी पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, त्यामुळे तिथे कोणी थापी घेऊन चढत नाही. पण फलक नसलेली देवळे, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), गढ्या, वाडे, वेशी, मारुतीच्या पारावर टेकवून ठेवलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) यांना कोणी वाली नाही. गेल्या काही वर्षांत यांची जी मोडतोड झाली ती दुर्लक्षापेक्षा दुरुस्तीने अधिक झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून काम काढण्यापूर्वी गावकऱ्यांनी, ग्रामसेवकांनी आणि ठेकेदारांनीही काय पाहावे ते थोडे तपशिलात लिहितो.

ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो त्या देवळांच्या सांध्यांत बहुधा चुना नसतोच. घडीव दगड एकमेकांवर कोरडे बसवलेले असतात. वजन, खाच आणि खाचेत बसणारे कुसू यांवर सगळा डोलारा उभा. भिंत आतून-बाहेरून घडीव दिसते, पण मधला गाभा कपच्या, मुरूम आणि मातीचा. वरचा एखादा दगड पिंपळाने सरकवला की पावसाचे पाणी या गाभ्यात उतरते, माती धुऊन नेते, आत पोकळी होते आणि भिंतीला पोट सुटते. अशा भिंतीच्या सांध्यांत बाहेरून सिमेंट भरले, म्हणजे सिमेंटच्या दरजा केल्या, तर वरून शिरणारे पाणी शिरतच राहते, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद होते. चार-सहा पावसाळ्यांत पोट वाढते आणि एक दिवस दर्शनी थर सुटून खाली येतो. मग गावात म्हणतात, देऊळ जुनेच झाले होते.

त्यामुळे दुरुस्ती नेहमी वरून खाली. आधी शिखर आणि छपरावरच्या फटी, मग पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळी, सगळ्यात शेवटी भिंत. भिंत हलते आहे की हलायची थांबली आहे हे डोळ्यांनी ठरवू नये. भेगेवर आडवी काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तिच्याशेजारी तारीख लिहावी. एक पावसाळा गेल्यावर काच तडकलेली असली तर भिंत अजून चालते आहे आणि मग पाया पाहिल्याशिवाय वर हात लावण्यात अर्थ नाही. काच शाबूत असली तर गाभ्यातली पोकळी भरता येते. चाळलेला चुना आणि विटांची बारीक सुरखी पातळ कालवून नळीने, नुसत्या उंचीच्या दाबावर, खालच्या थरापासून वर भरत न्यायचे. एका दिवसात दोन-अडीच फुटांपेक्षा वर जाऊ नये, कारण हे ओले मिश्रण स्वतःच भिंतीला बाहेर ढकलते. पंपाच्या दाबाने भरलेल्या भिंती कामाच्या वेळीच कोसळू शकतात.

पेशवाईतले घाट, देवळे, वाडे यांची गोष्ट वेगळी. तिथे चुना आहेच, आणि त्याला चुनाच लागतो. सिमेंट मजबूत, मग ते वाईट कसे, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत येतो. उत्तर असे की जुन्या भिंतीत सांधा हा विटेपेक्षा आणि दगडापेक्षा कमजोर असायला हवा. भिंत उन्हा-पावसात थोडी हलते. चुन्याचा सांधा ती हालचाल सोसतो आणि ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा सांधा सोसत नाही, सोडतही नाही. ओल मग विटेतून बाहेर येते, सिमेंटमधले क्षार सोबत आणते, ते पृष्ठभागाशी सुकून खार फुटतो आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी गळतो. सिमेंटची दरज मात्र कंगव्याच्या दातांसारखी पुढे उभी राहते. असे दृश्य जिल्ह्यातल्या कुठल्याही दुरुस्त केलेल्या वाड्यात पाहायला मिळेल. चुन्याच्या ताकदीबद्दल शंका असेल तर १८६५ मध्ये थळ घाटातून इगतपुरीपर्यंत आलेला लोहमार्ग आठवावा. त्या वेळची दगडी बांधकामे चुन्यातलीच, कारण तेव्हा या देशात पोर्टलंड सिमेंट तयारच होत नव्हते.

आता चुना कसा करायचा. रंगाच्या दुकानात पिशवीतली पांढरी पूड मिळते ती नको. उघड्या पिशवीत ती हवा खाऊन निम्मी खडू झालेली असते. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे न विझवलेले खडे, आणावा, खड्ड्यात किंवा टाकीत पाणी आधी भरून त्यात कळी थोडी थोडी सोडावी. उकळी फुटते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, आणि आसपास मुले नकोत. विझलेला चुना निदान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर पाण्याखाली झाकून ठेवावा. मग एक मिलिमीटरच्या आसपास भोके असलेल्या जाळीतून गाळावा. बोटांत चोळल्यावर कणी लागता कामा नये. ही कणी म्हणजे न विझलेली कळी. ती गिलाव्यात गेली तर काही महिन्यांनी आतल्या आत विझते, फुगते आणि वरचा खवला उडवते.

दरजांसाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली रवाळ वाळू हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते. खडीची भुकटी वापरायची वेळ आली तर आधी धुऊन तिच्यातली पूड काढून टाकावी. सुरखी चांगल्या भाजलेल्या विटांची. भट्टीतल्या काळ्या किंवा कच्च्या विटांची नको. मिश्रण चुना मळायच्या घाणीत, किंवा घाणी नसेल तर लोखंडी खलात, मळत राहावे. वरून पाणी ओतून सैल करण्यापेक्षा मळून सैल झालेले मिश्रण नंतर कमी तडकते. गूळ, हिरडा, बेलफळ, मेथी, उडीद यांची नावे घेतली की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. त्यांचा उपयोग आहे, पण ते मीठ-मसाल्याइतकेच घालायचे. गूळ जास्त पडला तर मिश्रण दिवसेंदिवस ओले राहते. नीट न विझवलेल्या चुन्यात कितीही उडीद घाला, तो तडकणारच.

जुनी दरज छिन्नी-हातोडीने हाताने खोदून काढावी, निदान इंचभर खोल. ग्राइंडर लावला की दगडाची कड जाते आणि ती परत येत नाही. जुने सिमेंट नक्षीच्या कडेला घट्ट चिकटलेले असेल तर सरळ तसेच राहू द्यावे; ते काढण्याच्या हट्टापायी नक्षी घालवण्यात शहाणपण नाही. दरज भरण्याआधी सांधा ओला करावा, भरताना अर्ध्या इंचापेक्षा जाड थर एका वेळी देऊ नये आणि नंतर आठ-दहा दिवस ओले गोणपाट टांगून ठेवावे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओल लागते. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्याकडे फिनॉल्फ्थॅलीन मिळते. महिन्याभराने दरजेचा छोटा टवका काढून त्यावर थेंब टाकला आणि तो गर्द गुलाबी झाला तर चुना आत अजून कच्चा आहे. ठेकेदाराने गुपचूप सिमेंट मिसळले का, हे याहून सोप्या रीतीने कळते. तिसऱ्या दिवशी खिळ्याने ओरखडा काढून पाहावा. ओरखडा उठलाच नाही, तर समजून जावे.

इथे सरकारी कामांचा एक जुना घोळ सांगायला हवा. चुन्याच्या कामाचा आपल्याकडचा हंगाम दिवाळीनंतर माघापर्यंतचा. हवा थंड, पाऊस नाही, ऊन बेताचे. पण निधीला मंजुरी आणि कार्यारंभ आदेश हातात पडेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, आणि पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचे असतात. मग चुना विझवायला पंधरा दिवस देणार कोण? मार्चच्या उन्हात दक्षिणेकडच्या भिंतीवर घाईने भरलेली दरज दोन दिवसांत सुकते, दगड होण्याआधीच. पावसाळ्यात तिची माती होते. पुढच्या वर्षी त्याच टेबलावर शेरा लागतो की चुना टिकत नाही, सिमेंट वापरावे. यात चुन्याचा दोष काडीचा नाही. ज्या गावाला खरेच काम नीट हवे आहे त्याने कळी आणि वाळू पहिल्या वर्षी घेऊन चुना पाण्याखाली मुरत ठेवावा आणि दरजा पुढच्या कार्तिकात भराव्यात. पाण्याखालचा चुना वर्षभरात बिघडत नाही, उलट सुधारतो.

देवळाच्या भोवतीची जमीन हा सगळ्यात कमी पाहिला जाणारा भाग. काँक्रीटचा रस्ता दर दहा वर्षांनी वर चढतो, त्यावर पेव्हिंग ब्लॉक, आणि जोते खाली जाते. पाऊस पडला की पाणी सभामंडपात. आत गाभाऱ्यात ग्रॅनाइट बसवला की जमीन दोन-तीन इंच वर येते आणि अभिषेकाचे पाणी नेणारे गोमुख बंद होते. ते पाणी मग पायात मुरते. बाहेरची जमीन जोत्याच्या पहिल्या थरापेक्षा सहा इंच तरी खाली असावी, उतार देवळापासून दूर, पन्नास फुटांत एक फूट, आणि भिंतीला लागून तीन फुटांची पट्टी खडी टाकून उघडी ठेवावी. फरशी हवीच असेल तर त्या पट्टीच्या पलीकडे घाला.

रंगाबद्दल थोडक्यात. ऑइलपेंट नको, सोनेरी तर नकोच. लावून झाला असेल तर तो काढण्यासाठी वाळूचा फवारा, अॅसिड, तारेचा ब्रश यांपैकी काहीही वापरू नये. बेसॉल्ट कठीण असला तरी पोकळीदार जातीचा असेल तर त्याची त्वचा एकदा सोलली की पुढचा पाऊस आत जातो. शिलालेख वाचायला अक्षरांत खडू, पीठ किंवा रंग भरण्याची खोडही सोडावी. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात, नाहीतर रात्री बाजूने बॅटरी धरून फोटो घेतला तर पुसट अक्षरेही उठून दिसतात. अंजनेरीच्या जैन मंदिरातला यादव सेउणदेवाचा शके १०६३ चा लेख आज वाचता येतो, कारण त्यावर कोणी रंग दिला नाही. चांदवडच्या रंगमहालासारख्या ठिकाणी भिंतीवर चित्रे असतात. तिथे ओले फडके लावणे म्हणजे चित्रे पुसणे.

पिंपळ, उंबर, वड उपटू नयेत. करंगळीपेक्षा बारीक रोप पावसानंतर हाताने निघते, त्याहून जाड झाले तर मूळ दगडांच्या मागे गेलेले असते आणि ओढले की दगड सोबत येतो. डिझेल, मीठ, अॅसिड ओतल्याने दगड डागाळतो आणि झाड पुन्हा फुटते. खोड फूटभर ठेवून कापावे, ताज्या कापावर आणि खोडात पाडलेल्या भोकांत लगेच ग्लायफोसेट सोडावे, वरून प्लास्टिक बांधावे. विहीर किंवा बारवेच्या तोंडाशी मात्र हे औषध नको, तिथे वर्षातून दोनदा छाटणी हाच उपाय. मूळ मेल्यावरही काढायचे नाही. ते कुजत जाते, तसतशी पोकळी चुन्याने भरत जायची.

बारवांचा विषय सध्या जोरात आहे, तरुण मुले सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन उतरतात, आणि त्याचा आनंदच आहे. पण उपसा करताना दोन मोटारी लावून एका रात्रीत तळ गाठायचा नाही. बारवेतले पाणी भिंतीला आतून टेकू देत असते. ते झटकन काढले आणि मागच्या जमिनीतले पाणी तसेच राहिले तर बाजूची भिंत आत ढासळते. दिवसाला दीड-दोन फूट, त्याहून जास्त नाही. खोल आणि अरुंद असेल तर आत हवा कोंडलेली असते. उतरण्यापूर्वी वरून पंख्याने हवा सोडावी, कमरेला दोर बांधावा, एकट्याने उतरू नये. गाळ ट्रॉलीत भरून थेट शेतात टाकू नका, आधी चाळा. त्यात मूर्तींचे तुकडे, नाणी, भांडी निघतात, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची अशी वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. ती घरी नेणे किंवा देवळात नव्याने बसवणे दोन्ही चुकीचे. आतून गिलावा करण्याचा मोह आवरावा. दगडांच्या सांध्यांतून झिरपते तेच बारवेचे पाणी. नोंद करताना पायऱ्या किती बाजूंनी आहेत तेही लिहावे, कारण एक बाजू असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन जया, चार विजया, असे जुने वर्गीकरण आहे.

रस्तारुंदीत सर्वांत आधी जातात ते वीरगळ आणि सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणाचे दगड. यंत्रचालकाला तो दगडच. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा पळवून नेल्या जाणाऱ्या गाई, वरच्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. हे गावाच्या जुन्या सीमेवर किंवा लढाई झाली त्या जागेवर असण्याचा संभव असतो, म्हणून दगडाइतकीच जागाही महत्त्वाची. हलवणे अटळ असेल तर आधी चारही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश. मग चहूबाजूंनी हाताने खणावे. जवळपास एक तृतीयांश दगड जमिनीत असतो, आणि बकेटने ढकलला की तो नेमका जमिनीच्या पातळीला मोडतो. वजनाचा अंदाज आधी करावा: दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, पाव मीटर जाड बेसॉल्ट साडेपाच क्विंटलच्या आसपास भरतो. चार माणसांनी उचलण्याचे काम हे नव्हे. तिपाई, चेन ब्लॉक आणि रुंद नायलॉनचा पट्टा वापरावा. तारेचा दोर नक्षी कापतो. नव्या जागी काँक्रीटमध्ये गाडू नये. खड्ड्यात मुरूम, मग दगडांच्या पाचरी, वर चुन्याचा हलका थर, म्हणजे पुढे कोणाला पुन्हा काढायचा झाला तर निघतो.

पेठ, सुरगाणा, हरसूल भागात दगडाऐवजी लाकूड आहे. वाघदेवाचे आणि पूर्वजांचे कोरीव खांब, त्यांवर चंद्र, सूर्य, वाघ, नाग, घोडेस्वार. वाघबारशीला त्यांची पूजा होते. हे खांब जमिनीलगत कुजतात, आणि गाव नवा खांब उभा करते. जुना तिथेच शेजारी झिजत जातो. याला संवर्धनाच्या नावाखाली वॉर्निश लावणे किंवा संग्रहालयात हलवणे हे गावाला विचारल्याशिवाय करू नये. फोटो आणि मापे घ्यावीत, एवढेच पुरे.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, वाड्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचे मालक खासगी आहेत. एकच सांगतो. गळते म्हणून धाब्यावर चार इंचांचा काँक्रीटचा कोबा घालतात. तो चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या घरात भरतो, आणि खालचे खण आधीच मातीने वाकलेले असतात. गळती थांबवायची असेल तर उलट वर्षानुवर्षे चढलेली जास्तीची माती उतरवून, पन्हाळी मोकळ्या करून, मृगाआधी खारी माती नव्याने पसरावी. तुळईचे भिंतीत गेलेले टोक टोच्याने टोचून पाहावे. वाळवी आणि कूज तिथेच आधी लागते.

कायद्याचे थोडे. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर नवे बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीने. हे २०१० च्या दुरुस्तीपासून आहे आणि जुन्या घराच्या डागडुजीलाही परवानगी घ्यावी लागते. संरक्षित नसलेल्या वास्तूला असे कवच नाही. तिला कागदावर आणण्याचा हाताशी असलेला मार्ग म्हणजे ग्रामसभेचा ठराव करून ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत तिचे नाव, मापे, चतुःसीमा लिहून घेणे, आणि फोटोंचा एक संच पोलीस पाटलांकडे ठेवणे. मूर्ती चोरीला गेली तर फोटोशिवाय ती आपलीच, हे सिद्ध करता येत नाही.

जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे एवढीच मागणी आहे की रस्त्याच्या आखणीचे खुंट ठोकण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास मीटर पट्ट्यातले दगड, विहिरी, जुने मैलाचे दगड, देवळे यांची पायी फिरून यादी करावी आणि ती निविदेला जोडावी. जुन्या देवळाच्या कामात चुन्याच्या कलमांचे दर स्वतंत्र घ्यावेत, सिमेंटला पर्याय म्हणून नव्हे. राज्य पुरातत्त्व विभागाचे नाशिकचे कार्यालय सराफ बाजाराजवळ सरकारवाड्यात आहे. गावांनी अंदाजपत्रकाची प्रत मंजुरीच्या आधी तिथे दाखवावी. मंजुरीनंतर कलमे बदलायची म्हणजे सुधारित अंदाजपत्रक, त्याची पुन्हा मंजुरी, आणि तोवर पुढचा मार्च येऊन ठेपलेला असतो.

– दगडी व चुन्याच्या बांधकामांची दुरुस्ती करणारे काही कारागीर आणि अभियंते, नाशिक